लंडनचा पास काढण्याआधी

मुंबईत नोकरी लागली की माणूस पहिल्या आठवड्यातच पास काढतो. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. दीड-दोन आठवड्यांत पासाचे पैसे वसूल होतात, पुढचा महिना फुकटात जमा. हीच सवय सामानाबरोबर लंडनला येते. घर ठरलं, ऑफिस ठरलं, की आपली मंडळी स्टेशनवरच्या मशीनसमोर उभी राहतात आणि महिन्याचं ट्रॅव्हलकार्ड काढून मोकळी होतात. इथे मात्र रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसालासुद्धा पास अनेकदा महाग पडतो. आठवड्यातून दोन-तीन दिवसच ऑफिसला जाणाऱ्यांना तर हमखास. म्हणून पासाचा विचार सगळ्यांत शेवटी करा. त्याआधी कागद-पेन घेऊन दहा मिनिटं बसा.

आधी झोन समजून घेऊ. मुंबईच्या लोकलचं भाडं किलोमीटरवर ठरतं, लंडनचं कड्यांवर. शहराच्या मधोमध झोन १, त्याभोवती २, मग ३, असं करत ६ पर्यंत. वायव्येला मेट्रोपॉलिटन लाइनवर ७, ८ आणि ९ सुद्धा आहेत; चेशम आणि अ‍ॅमरशम नवव्यात येतात. तुम्ही किती स्टेशनं गेलात याला किंमत नाही, कोणकोणत्या झोनमधून गेलात याला आहे. त्यातही झोन १ ला शिवलात की भाडं एकदम चढतं. हे वाक्य घर शोधतानाच लक्षात ठेवा, कारण भाड्याचं घर आणि गाडीचं भाडं यांचा हिशेब एकत्रच करायचा असतो.

दुसरी गोष्ट वेळ. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते संध्याकाळी सात ही पीक, म्हणजे गर्दीची वेळ. बाकी सगळी ऑफ-पीक. शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्टीचा पूर्ण दिवससुद्धा. तुम्ही गेटवर कार्ड लावून आत शिरलात ती वेळ धरतात, उतरलात ती नव्हे. सकाळी ९.२९ ला आत गेलात तर पीक, ९.३१ ला गेलात तर ऑफ-पीक. साडेनऊच्या आधी स्टेशनात लोक मोबाइलचं घड्याळ बघत गेटबाहेर थांबलेले दिसतात ते याचसाठी. संध्याकाळच्या पीकला एक अपवाद आहे आणि तो बऱ्याच जुन्या लंडनकरांनाही ठाऊक नसतो. त्या वेळात बाहेरच्या झोनमधून झोन १ कडे निघालात तर ऑफ-पीकच भाडं पडतं. शहरातून घरी परतणाऱ्या गर्दीच्या उलट दिशेने जाणाऱ्यांना ही सवलत आहे. झोन ३ मध्ये काम आणि झोन १ मध्ये घर असलेले लोक थोडे, पण ऑफिस सुटल्यावर नाटकाला किंवा मित्रांना भेटायला शहरात जाणारे बरेच.

आता आकडे. खालचे सगळे २ मार्च २०२५ पासून लागू झालेल्या दरांचे आहेत. दर साधारणपणे मार्चमध्ये बदलतात, तेव्हा वाचताना आकड्यांपेक्षा पद्धत धरा आणि ताजे आकडे ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या, म्हणजे टीएफएलच्या, संकेतस्थळावर दोन स्टेशनांची नावं टाकून बघा. झोन १-२ मधली ट्यूबची, म्हणजे भुयारी रेल्वेची, एक फेरी पीकला ३.५० पौंड, ऑफ-पीकला २.९०. झोन १-३ असेल तर ३.८० आणि ३.१०. तुम्ही टीएफएलचं पैसे भरून वापरायचं ऑयस्टर कार्ड किंवा बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड लावत गेलात की दिवसभरात एका मर्यादेपुढे पैसे कापलेच जात नाहीत. या मर्यादेला सगळे कॅप म्हणतात. झोन १-२ ची दिवसाची कॅप ८.९० पौंड, आठवड्याची ४४.७०. झोन १-३ ची १०.५० आणि ५२.५०. दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो, आठवडा सोमवारी.

आणि सात दिवसांचं ट्रॅव्हलकार्ड, म्हणजे आपल्या भाषेत आठवड्याचा पास, कितीला? झोन १-२ साठी ४४.७० पौंड. बरोबर कॅपएवढाच. म्हणजे पास काढला तर ४४.७० आधीच गेले. नुसतं कार्ड लावत राहिलात तर जास्तीत जास्त ४४.७० जातील, कमी प्रवास झाला तर कमी. मग आठवड्याचा पास कुणी काढायचा? ज्याचे सात दिवस बुधवारी सुरू होऊन मंगळवारी संपतात त्याने, कारण त्याची कॅप दोन आठवड्यांत विभागली जाते. आणि ज्याला पासावर वेगळी सूट मिळते त्याने. बाकीच्यांनी त्या मशीनकडे फिरकायचं कारण नाही.

महिन्याच्या आणि वर्षाच्या पासाचा भाव यावरूनच निघतो, आणि हे गुणक वर्षानुवर्षं तेच आहेत: महिना म्हणजे ३.८४ आठवड्यांचे पैसे, वर्ष म्हणजे ४० आठवड्यांचे. झोन १-२ चा महिना १७१.७० पौंड, वर्ष १,७८८ पौंड. ‘बावन्न आठवडे प्रवास, चाळिसांचे पैसे’ हे ऐकायला भारी वाटतं. एचआरवाले तर बिनव्याजी कर्जही देतात, दर महिन्याच्या पगारातून कापून घेतात. पण जरा मांडून बघा.

समजा तुम्ही झोन २ मध्ये राहता, ऑफिस झोन १ मध्ये, आठवड्याचे पाचही दिवस जाता, दोन्ही फेऱ्या ऐन गर्दीत. दिवसाचे ७ पौंड, आठवड्याचे ३५. आठवड्याची कॅप ४४.७०. म्हणजे नुसत्या ऑफिसच्या प्रवासात तुम्ही कॅपपर्यंत पोचतच नाही! महिन्याच्या पासाचे पैसे निघायला ४९ पीक फेऱ्या लागतात (१७१.७० भागिले ३.५०), आणि एका महिन्यात ऑफिसच्या फेऱ्या होतात साधारण बेचाळीस-चव्वेचाळीस. वर्षाचं बघा. १,७८८ भागिले ७, म्हणजे २५५ दिवस. वर्षात सोमवार ते शुक्रवार मिळून २६० दिवस; त्यातून कायद्याने मिळणारी किमान २८ दिवसांची रजा, सरकारी सुट्ट्या त्यातच धरून, वजा केली की उरले २३२. दोनशे बत्तीस गुणिले सात म्हणजे १,६२४ पौंड. पाच दिवस इमानाने ऑफिसला जाणाऱ्यालाही वर्षाचा पास १६४ पौंडांनी महाग. घरून काम करण्याचे दिवस आणि आजारपण अजून यात धरलेलंच नाही.

मग वर्षाचा पास निरुपयोगी का? नाही. जे शनिवार-रविवारीही भटकतात, ज्यांची मुलं एका टोकाला शिकवणीला आणि मित्रमंडळी दुसऱ्या टोकाला, ज्यांच्या आठवड्याच्या तेरा-चौदा फेऱ्या सहज होतात, त्यांची कॅप दर आठवड्याला भरते. अशांना ४० आठवड्यांच्या पैशांत वर्ष म्हणजे खरा फायदा. वर्षाच्या ट्रॅव्हलकार्डाबरोबर गोल्ड कार्डाचे हक्कही मिळतात: इंग्लंडच्या आग्नेय भागात ऑफ-पीक रेल्वे तिकिटांवर एक तृतीयांश सूट. दर महिन्याला ब्रायटन, ऑक्सफर्ड, केंब्रिज करणाऱ्या कुटुंबाचं पारडं त्याने फिरू शकतं. फक्त नोकरी बदलायच्या विचारात असाल तर हा पास काढू नका. तो मध्येच परत केला तर वापरलेल्या काळाचे पैसे महिन्याच्या, आठवड्याच्या चढ्या दराने कापतात, आणि दहा-साडेदहा महिन्यांनंतर परत काहीच मिळत नाही.

पासावर वेगळी सूट मिळणारे म्हणजे मुख्यतः विद्यार्थी. लंडनमधल्या नोंदणीकृत विद्यापीठात किंवा कॉलेजात शिकत असाल तर ‘१८ प्लस स्टुडंट ऑयस्टर’ हे फोटोकार्ड मिळतं. ते मिळालं की सगळा प्रवास स्वस्त झाला असं समजून नवी मुलं खुशाल कार्ड लावत फिरतात. सूट आहे ३० टक्के, पण फक्त सात दिवसांच्या किंवा त्याहून मोठ्या ट्रॅव्हलकार्डावर आणि बस-ट्रामच्या पासावर. एकेका फेरीवर नाही. फेरीवर सूट हवी तर १६-२५ रेलकार्ड घ्यायचं. ३५ पौंडांना वर्षभर. पूर्णवेळ शिकत असाल तर पंचविशी उलटल्यावरही मिळतं. ते घेऊन ट्यूब स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडे जायचं आणि ऑयस्टरला जोडून मागायचं. त्याचे वेगळे पैसे नाहीत. मग ऑफ-पीक फेऱ्यांवर आणि ऑफ-पीक कॅपवर एक तृतीयांश सूट. पीकला मात्र पूर्ण भाडं.

दोन्हींत कुठलं बरं, हे तुमच्या वेळापत्रकावर ठरतं. झोन ३ मध्ये राहणारी, झोन १ मधल्या कॉलेजात जाणारी मुलगी घ्या. रोज नऊचं लेक्चर, पाचला सुटका, पाच दिवस. साध्या कार्डाने आठवड्याचे ३८ पौंड. ३० टक्के सुटीचं आठवड्याचं ट्रॅव्हलकार्ड पावणेसदतीसच्या आसपास, आणि त्यात शनिवार-रविवार तसंच सगळ्या बसही आल्या. तिने ट्रॅव्हलकार्ड काढावं. हिचीच मैत्रीण मास्टर्स करते, आठवड्यातून तीन दिवस, अकराचं लेक्चर, लायब्ररीत बसून सातनंतर निघते. रेलकार्डाने तिची फेरी दोन पौंड पाच पेन्सच्या आसपास, आठवड्याचे साडेबारा पौंडही होत नाहीत. तिने ट्रॅव्हलकार्डाचं नावही काढू नये. रेलकार्डाची मुदत संपली की ऑयस्टरवरची सूटही गुपचूप बंद होते. नवं काढलं तरी पुन्हा स्टेशनवर जाऊन जोडून घ्यावं लागतं. आणखी एक: ही सूट बँकेच्या कार्डावर किंवा मोबाइलवर बसत नाही. ऑयस्टरच लागतं.

आता झोनच्या सीमेवरची गंमत. काही स्टेशनं दोन झोनमध्ये मोडतात: अर्ल्स कोर्ट १/२, वॉक्सहॉल १/२, आर्चवे २/३, विल्सडन ग्रीन २/३. स्ट्रॅटफर्ड पूर्वी तिसऱ्या झोनमध्ये होतं, जानेवारी २०१६ पासून तेही २/३ झालं. अशा स्टेशनाचा झोन तुमच्या सोयीचा धरतात, म्हणजे २/३ चं स्टेशन शहरात जाताना दुसऱ्यात आणि बाहेर जाताना तिसऱ्यात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिल लेनवर आहे. डॉलिस हिल स्टेशन झोन ३ मध्ये, त्याच्या अलीकडचं विल्सडन ग्रीन २/३ मध्ये. झोन १-२ चं ट्रॅव्हलकार्ड असलेल्याने गणपतीला मंडळात जाताना विल्सडन ग्रीनला उतरून पुढे बस घेतली तर वर एक पैसाही लागत नाही, कारण कुठल्याही झोनचं ट्रॅव्हलकार्ड लंडनच्या सगळ्या बसमध्ये चालतं. न उतरता पुढे गेलात तरी घाबरू नका. ऑयस्टरवर थोडी शिल्लक असली की फक्त जादा झोनचे पैसे आपोआप कापले जातात. घर शोधणाऱ्यांनी सीमेवरची स्टेशनं नकाशावर रंगवून ठेवावीत. घरमालकही ती रंगवतात, म्हणून भाड्यात त्याची थोडीफार भरपाई होते, हेही खरं.

झोन १ टाळण्याचा प्रश्न असतो कॅनरी वॉर्फला कामाला जाणाऱ्यांचा. क्लॅपहम जंक्शन झोन २ मध्ये, कॅनरी वॉर्फही झोन २ मध्ये. वॉटर्लूवरून गेलात तर झोन १ मधून जाता. ओव्हरग्राउंडच्या विंडरश लाइनने कॅनडा वॉटरला येऊन ज्युबिली लाइन पकडलीत तर झोन १ ला शिवतच नाही, आणि भाडं बरंच खाली येतं. पण तुम्ही कुठल्या रस्त्याने आलात हे यंत्रणेला कसं कळणार? त्यासाठी कॅनडा वॉटर, स्ट्रॅटफर्ड, हायबरी अँड इस्लिंग्टन, विल्सडन जंक्शन, रिचमंड अशा बदलाच्या स्टेशनांवर गुलाबी रंगाचे कार्ड-रीडर बसवले आहेत. जाता जाता त्यावर कार्ड लावायचं. पैसे कापले जात नाहीत, फक्त नोंद होते. न लावल्यास यंत्रणा महागडा रस्ता गृहीत धरू शकते.

कार्ड कुठलंही वापरा, पण एकच वापरा. सकाळी मोबाइल लावला आणि संध्याकाळी त्याच बँकेचं प्लॅस्टिकचं कार्ड लावलं, तर पैसे एकाच खात्यातून गेले तरी यंत्रणेच्या लेखी ही दोन माणसं. सकाळची फेरी शेवटाविना आणि संध्याकाळची सुरुवातीविना राहते, दोन्हींचं कमाल भाडं लागतं, आणि कॅपचीही वाट लागते. नवराबायकोने एकाच कार्डावर मागेपुढे प्रवास करणंही चालत नाही. उतरताना गेट उघडंच असलं तरी कार्ड लावायला विसरू नका. डीएलआर, म्हणजे डॉकलँड्स लाइट रेल्वेच्या बऱ्याच स्टेशनांवर गेटच नाहीत, तिथे हमखास विसरतं. चुकून जादा कापलं गेलं तर टीएफएलच्या खात्यात प्रवासाची नोंद काढून परतावा मागता येतो.

झोन तोच आणि भाडं वेगळं, असंही घडतं. दक्षिण लंडनमध्ये ट्यूब कमी, साध्या रेल्वेगाड्या जास्त, आणि त्यांची भाड्याची पट्टी वेगळी; गाडी आणि ट्यूब दोन्ही लागली तर तिसरी. त्यामुळे ट्यूबच्या आकड्यांवर क्रॉयडनच्या घराचा हिशेब करू नका. हीथ्रोचं उदाहरण तर पहिल्याच दिवशी भेटतं. विमानतळ झोन ६ मध्ये. तिथून झोन १ ला पिकॅडिली लाइनने कुठल्याही वेळी ५.८० पौंड, एलिझाबेथ लाइनने १३.९०. वेळ वाचतो, पण चौघांच्या कुटुंबाने दोन्ही आकडे आधी बघावेत.

भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, त्यांचं काय? साठीनंतरचा मोफत प्रवास, म्हणजे फ्रीडम पास किंवा ‘६० प्लस’ कार्ड, लंडनच्या रहिवाशांनाच मिळतो. पाहुण्यांना नाही. पण सीनियर रेलकार्डाला रहिवासाची अट नाही. साठ वर्षं पूर्ण झालेली असली आणि पासपोर्ट दाखवला की ३५ पौंडांत मिळतं, आणि ते ऑयस्टरला जोडता येतं. झोन ३ मधून शहरात ऑफ-पीक फेरी ३.१० ची साधारण २.०५ होते, म्हणजे चौतीसेक फेऱ्यांत कार्डाचे पैसे निघाले. ही मंडळी चहा-नाश्ता आटोपून साडेनऊनंतरच बाहेर पडतात, तेव्हा पीकची अट त्यांना आड येत नाही. एडिनबरा किंवा बाथची एखादी सहल ठरली असेल तर चौतीस फेऱ्यांची वाट बघायलाही नको. दोघं आहेत म्हणून ‘टू टुगेदर’ रेलकार्ड मात्र घेऊ नका. स्वस्त दिसतं, पण ते ऑयस्टरला जोडता येत नाही. मुलांचं सोपं आहे. अकरा वर्षांखालची चार मुलं एका मोठ्या माणसाबरोबर ट्यूब, डीएलआर, ओव्हरग्राउंड आणि एलिझाबेथ लाइनवर फुकट. अकरा ते पंधरा वयाची पाहुणी मुलं असतील तर स्टेशनवर त्यांच्या ऑयस्टरला ‘यंग व्हिजिटर’ सूट लावून घ्या. चौदा दिवस निम्मं भाडं.

शेवटचा मुद्दा स्लाउकरांसाठी, कारण आपल्या लोकांची वस्ती तिकडे वाढते आहे. स्लाउ लंडनच्या झोनमध्ये नाही. एलिझाबेथ लाइन तिथून पुढे रेडिंगपर्यंत जाते, तरी ऑयस्टर चालतं ते वेस्ट ड्रेटनपर्यंत, म्हणजे झोन ६ च्या काठापर्यंत. त्यापुढे फक्त कॉन्टॅक्टलेस किंवा तिकीट. पॅडिंग्टनला ऑयस्टर लावून आत शिरलात आणि स्लाउला उतरलात, तर गेट उघडणार नाही. कॉन्टॅक्टलेसवर रेलकार्ड बसत नाही, म्हणून रेलकार्ड असेल तर ऑफ-पीकचं वेगळं तिकीट काढणं बहुधा स्वस्त पडतं. ऑयस्टरवर झोन ६ पर्यंतचं ट्रॅव्हलकार्ड असेल तर बँकेच्या कार्डाला त्याचा पत्ता नसतो आणि तुम्ही पूर्ण रस्त्याचे पैसे पुन्हा भरता. अशा वेळी तिकीटखिडकीवर ‘बाउंडरी झोन ६ पासून स्लाउ’ असं तिकीट मागायचं. झोनच्या सीमेपासून पुढचेच पैसे पडतात. आणि आठवड्यातून दोन दिवसच ऑफिस असेल तर फ्लेक्सी सीझनचा भाव विचारा. जून २०२१ मध्ये सुरू झालेला हा पास २८ दिवसांत कुठलेही आठ दिवस देतो. रोजचं परतीचं तिकीट गुणिले आठ, आणि शेजारी फ्लेक्सीचा आकडा, असं लिहूनच खिडकीवर जा. तुम्ही साडेनऊनंतर निघत असाल तर आठ ऑफ-पीक तिकिटंच स्वस्त पडण्याची शक्यता जास्त.